कुलाब्याहून अलिबागेस

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. त्यापूर्वी ९ मे १८७४ पासून तेहेतीस वर्षे ट्रामचे डबे घोडे ओढीत असत. घोडे गेले आणि वीज आली, ह्या घटनेचे वर्णन मुंबईविषयीच्या बहुतेक लेखनात हौसेने केलेले आढळते. परंतु ह्या विजेच्या ट्रामसाठी शहरातून काहीतरी उचलून दुसरीकडे न्यावे लागले होते, ह्याचा उल्लेख क्वचितच होतो. ते घर नव्हते, देऊळ नव्हते, की बाजारही नव्हता. कुलाब्याच्या वेधशाळेत धाग्यांना टांगलेली काही लोहचुंबके होती. साठ वर्षे चाललेले त्यांचे काम मुंबईत थांबले आणि अलिबागेस सुरू झाले. गंमत अशी की, अलिबागेसमोर समुद्रात उभा असलेला आंग्र्यांचा किल्लाही कुलाबाच, आणि अलिबाग ज्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण त्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते. तेव्हा हे काम एका कुलाब्यातून निघून दुसऱ्या कुलाब्यात गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

हा बदल दिसावयास लहान. परंतु त्याच्या पोटात तीन निरनिराळ्या विद्या एकमेकींशी भिडल्या होत्या: पृथ्वीच्या चुंबकत्वाला सूत्रात बसवू पाहणारे गणित, त्या गणिताला लागणारे आकडे अखंड टिपून ठेवण्याची यंत्रविद्या, आणि कंपन्यांना रस्त्यावर रूळ टाकण्याचा हक्क देणारा व्यापारी कायदा. त्यांपैकी पहिल्या दोघींना तिसरीपुढे हार खावी लागली असती तर त्यात नवल नव्हते. जगात इतरत्र तसे घडलेही.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभी केली. त्या वेळचा हेतू अगदी व्यवहारी होता. बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी, आकाशस्थ गोलांचे वेध घेता यावेत, एवढेच कंपनीला हवे होते. चुंबकाचे वेध सुरू झाले ते १८४१ साली, आणि त्यांचे कारण मुंबईत नव्हे तर जर्मनीत होते. गॉटिंगेन येथील गणिती कार्ल फ्रीडरिक गाउस ह्याने १८३९ मध्ये पृथ्वीच्या चुंबकत्वाचा सामान्य सिद्धान्त प्रसिद्ध केला. भूगोलावर ठिकठिकाणी मोजलेल्या चुंबकीय बलाला एकाच गणिती मांडणीत बसविता येते, आणि त्या मांडणीवरून ते बल पृथ्वीच्या पोटातून येते की बाहेरून, हेही निवडता येते, असे त्याने दाखविले. ही युक्ती अपूर्व होती. पण तिला लागणारे आकडे युरोपातील चार-दोन शहरांतून मिळण्यासारखे नव्हते. म्हणून जगभर वेधशाळा हव्यात अशी मागणी निघाली, आणि रॉयल सोसायटीच्या आग्रहावरून कंपनी सरकारने मुंबई, मद्रास, शिमला व सिंगापूर येथे ही जबाबदारी पत्करली. शिमल्याचे आणि सिंगापूरचे काम थोड्याच वर्षांत आटोपले. मुंबईचे चालू राहिले.

ते चालू ठेवणाऱ्यांमध्ये मराठी माणसे पहिल्यापासून होती. वेधशाळेचे प्रमुख प्रा. ऑर्लेबार हे एल्फिन्स्टन विद्यालयात गणित व ज्योतिष शिकवीत. त्याच विद्यालयात 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर अध्यापक होते, आणि वेधशाळेचे प्रमुखपदही काही काळ बाळशास्त्र्यांकडे आले होते. मराठी वृत्तपत्राचा जनक म्हणून ज्यांचे स्मरण आपण दरवर्षी ६ जानेवारीस करतो, त्यांनी चुंबकसूचीच्या आकड्यांवरही देखरेख केली आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे हे १८४० च्या सुमारास, वयाच्या अवघ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, वेधशाळेत सहायक म्हणून लागले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. पुढे पुण्यास जाऊन त्यांनी अध्यापन केले, 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिली, पंचांगशुद्धीचा प्रश्न हाती घेतला, आणि डेक्कन कॉलेजात टिळकांसारख्या विद्यार्थ्याला गणिताची गोडी लावली. सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान ह्यांचा संबंध शोधण्याचा त्यांना नाद होता. आकडे दिसत असताना त्यांमागचे कारण शोधल्यावाचून राहवू नये, ही सवय त्यांना कुलाब्याच्या रात्रपाळ्यांनी लावली असावी. केरोपंतांचा जन्म १८२५ सालचा, नागावचा. नागाव अलिबागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या कामात त्यांनी उमेदवारी केली ते काम त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्यांच्या जन्मगावाच्या शेजारी येऊन वसले.

हे काम कसे चाले, हे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. एक चुंबक धाग्याला आडवे टांगलेले असते. ते उत्तर-दक्षिण रेषेच्या किंचित इकडेतिकडे हलते. दुसरे एक चुंबक दोन धाग्यांना पीळ देऊन असे टांगलेले असते की, पृथ्वीच्या आडव्या बलात जरा चढउतार झाला की ते वळावे. हे वळणे इतके सूक्ष्म असते की नुसत्या डोळ्यांस ते दिसत नाही. म्हणून चुंबकाला एक लहान आरसा जोडतात, काही अंतरावर मोजपट्टी आणि दुर्बीण ठेवतात, आणि आरशात दिसणारा पट्टीवरचा आकडा दुर्बिणीतून वाचतात. आरसा केसभर हलला तरी आकडा चांगलाच सरकतो. वाचणाऱ्याच्या अंगावर लोखंडी किल्ली किंवा चाकू असून चालत नाही. असे आकडे दर तासाला, दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, कुलाब्यास वाचले जात आणि वहीत उतरले जात. सूची अस्वस्थ झालेली दिसली की तासाची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी, आणि फारच धांदल असेल तर दर पाच मिनिटांनी आकडा घ्यावयाचा, असा शिरस्ता होता.

ह्या शिरस्त्याची कसोटी १८५९ च्या सप्टेंबरात लागली. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असताना त्याला डागांच्या समूहावर एकाएकी लखलखाट झालेला दिसला. त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीवर सर्वत्र चुंबकसूच्या बेभान झाल्या, तारायंत्राच्या तारांतून आपोआप प्रवाह वाहू लागले, आणि ध्रुवप्रकाश नेहमी जेथे दिसत नाही अशा दक्षिणेकडील मुलखातही दिसला. क्यू आणि ग्रिनिच येथे त्या काळी छायाचित्रणाने आपोआप नोंद करणारी यंत्रे बसविलेली होती. चुंबकाच्या आरशावरून परावृत्त झालेला प्रकाशबिंदू फिरत्या रुळावरील संवेदक कागदावर रेघ काढीत जाई. परंतु त्या दिवशी प्रकाशबिंदू कागदाच्या बाहेर निघून गेला. वादळ केवढे होते हे सांगणारी रेघ नेमकी वादळाच्या ऐन भरातच हरवली. कुलाब्यास तेव्हा छायाचित्रण नव्हते. डब्लिनच्या ग्रबने बनविलेले यंत्र आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेली माणसे होती. २ सप्टेंबरच्या सकाळी त्या माणसांनी आकडे पाच-पाच मिनिटांनी लिहून घेतले. आडवे बल अल्पावधीत कोसळले आणि पुन्हा वर चढू लागले, तो सगळा उतार आणि चढ वहीत उतरला. ह्या माणसांची नावे इतिहासात प्रसिद्ध नाहीत. आकडा वाचावयाचा आणि लिहावयाचा, ह्यापलीकडे त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. आणि तेवढे त्यांनी चोख केले.

१८७२ पासून कुलाब्यासही छायाचित्रणाने अखंड नोंद होऊ लागली. त्या वेळी वेधशाळा चार्ल्स चेंबर्स ह्यांच्या हाती होती. १८६५ पासून १८९६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एका पिढीएवढा काळ ते तेथे प्रमुख होते.

मुंबईच्या ह्या आकड्यांचा गणितात पहिला मोठा उपयोग झाला तो १८८९ मध्ये. सूची दिवसाच्या ठराविक वेळी थोडी इकडे आणि ठराविक वेळी थोडी तिकडे झुकते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. ह्या दैनंदिन हेलकाव्याचे मूळ कोठे, हा प्रश्न होता. मँचेस्टरच्या आर्थर शुस्टर ह्याने गाउसची युक्ती ह्या हेलकाव्याला लावली. आडव्या बलातील चढउतार माहीत असला, तर कारण भूमीच्या पोटात असल्यास उभ्या बलात एका प्रकारचा बदल दिसला पाहिजे आणि कारण वर आकाशात असल्यास दुसऱ्या प्रकारचा. दोहोंपैकी कोणता दिसतो हे प्रत्यक्ष आकड्यांवरून ठरवावयाचे. शुस्टरने ह्यासाठी चार ठिकाणे निवडली: लिस्बन, ग्रिनिच, सेंट पीटर्सबर्ग आणि मुंबई. पहिली तिन्ही युरोपातील. उष्ण कटिबंधातील साक्षीदार एकटी मुंबई. निर्णय असा लागला की, ह्या हेलकाव्याचे मुख्य कारण पृथ्वीच्या बाहेर, वरच्या वातावरणात आहे. तेथे वीज वाहून नेणारा थर असला पाहिजे, असा तर्क बॅल्फर स्ट्युअर्ट ह्याने आधी केलाच होता. रेडिओच्या लहरी परतवून लावणारा तो थर प्रयोगाने सिद्ध झाला १९२४ नंतर, आणि दूरदूरची आकाशवाणी कानावर पडते ती त्याच्याच कृपेने. मुंबईच्या तासा-तासाच्या आकड्यांनी पस्तीस वर्षे आधी त्याच्या बाजूने साक्ष दिली होती.

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय कायम संचालक झाले. एडिंबरो येथे शिकून आलेले मूस एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांना पद मिळाले ते नेमके अशा वेळी की, ज्या शांततेवर वेधशाळा जगत होती तीच जाण्याच्या बेतात होती. विसावे शतक उजाडत असताना मुंबईत विजेच्या ट्रामची बोलणी सुरू झाली.

ट्रामचा आणि चुंबकाचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्या काळच्या ट्रामला वरच्या तारेतून एकाच दिशेने वाहणारा विद्युत्‌प्रवाह मिळे, आणि तो परत जाई रुळांवाटे. रूळ तर जमिनीत पुरलेले. त्यामुळे परतीच्या प्रवाहातील काही भाग रूळ सोडून ओल्या मातीत, पाण्याच्या नळांत, वाट मिळेल तेथे शिरे आणि दूरवर भटके. प्रवाह म्हटला की त्याभोवती चुंबकीय परिणाम आलाच. ट्राम थांबली, सुटली, चढ चढू लागली की हा परिणाम बदलणार. कुलाब्याच्या यंत्रांना सूर्याची आणि आकाशाची कुजबुज ऐकावयाची होती. तेथे दर काही मिनिटांनी ट्रामची आरोळी येऊन आदळणार. घोड्याच्या ट्रामची रेषा १८७४ पासूनच कुलाब्यापर्यंत आलेली होती. तिचे विद्युतीकरण म्हणजे शत्रू दाराशी येणे होय.

आता ह्या बाबतीत कायदा काय म्हणत होता? आपल्या जमिनीवर कोंडून ठेवलेली घातक वस्तू निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर ते मालकाने भरून द्यावे, असे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयांनी १८६० नंतरच्या दशकात घालून दिले होते. रुळांतून निसटलेली वीज ही अशी वस्तू मानता येईल काय? १८९३ मध्ये लीड्सच्या ट्रामविरुद्ध टेलिफोन कंपनीने दावा लावला. तिचे संदेश ट्रामच्या भटक्या प्रवाहामुळे बिघडत होते. न्यायाधीशांनी तत्त्व विजेलाही लागू होऊ शकते हे मान्य केले, परंतु ट्रामला कायद्याने अधिकार दिलेला असल्यामुळे ती सुटली. ह्याहून बोचरा निर्णय प्रिव्ही कौन्सिलचा. केप टाउन येथे समुद्रातील तारेच्या किनाऱ्यावरील यंत्रांत ट्रामच्या प्रवाहाने गडबड होऊ लागली. तार कंपनीची यंत्रे अतिशय नाजूक. दूर समुद्रापारहून आलेल्या क्षीण संदेशांची नागमोडी रेघ ती कागदावर उमटवीत. तार कंपनीने ट्राम कंपनीवर दावा केला आणि १९०२ मध्ये ती हरली. प्रिव्ही कौन्सिलचे म्हणणे थोडक्यात असे की, एखाद्याने आपल्या मालमत्तेचा असाधारण नाजूक उपयोग चालविला म्हणून शेजाऱ्याची जबाबदारी वाढत नाही. सामान्य माणसाला, सामान्य वस्तूला जे बाधत नाही, ते नाजूक यंत्राला बाधले तर त्या यंत्राच्या मालकाने आपली व्यवस्था आपण पाहावी.

प्रिव्ही कौन्सिलचा शब्द त्या काळी हिंदुस्थानच्या न्यायालयांवर बंधनकारक होता. तार कंपनीच्या यंत्रापेक्षा वेधशाळेचे यंत्र कितीतरी अधिक नाजूक. शिवाय तार कंपनीला निदान संदेशामागे दाम मिळत होता. नुकसान किती झाले हे तिला रुपये-आणे-पैंत मांडता आले असते. वेधशाळेचे नुकसान मोजावयाचे कशात? भिंत पडत नाही, यंत्र मोडत नाही, चोरी होत नाही. बिघडतात ते फक्त आकडे, आणि आकड्यांना बाजारभाव नाही. साठ वर्षांची अखंड मालिका तुटली तर तिची किंमत सांगणारा कोणता तज्ज्ञ न्यायालयात उभा करावयाचा होता? व्यापारी कायद्याच्या दृष्टीने ह्या मालिकेला अस्तित्वच नव्हते, असे म्हटले तरी ते फारसे चूक ठरणार नाही. रुळांच्या दोन टोकांमधील विद्युत्‌दाबाचा फरक ७ व्होल्टपेक्षा अधिक नसावा, असा एक नियम इंग्लंडमध्ये घालून देण्यात आला होता. परंतु त्याने नळांचे रक्षण झाले तरी चुंबकसूचीचे होण्यासारखे नव्हते. क्यू येथील चुंबकीय वेधांचे काम अखेर दूर स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूर येथे न्यावे लागले. ती वेधशाळा १९०८ मध्ये सुरू झाली. कॅनडात टोरंटोची चुंबकीय वेधशाळा तर ट्रामच्याच त्रासामुळे १८९८ मध्ये शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला गेली होती.

मुंबईत वाद न्यायालयापर्यंत गेला नाही. तो कारभाराच्या पातळीवरच सुटला, आणि चांगला सुटला. सरकारी निर्णय उशिरा होतात अशी सर्वसाधारण तक्रार असते. येथे निर्णय वेळेच्या आधी झाला, हे विशेष होय. ट्राम येणारच हे गृहीत धरून वेधशाळेची नवी जागा शोधण्यात आली. जागा निवडताना दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांभाळावयाच्या होत्या. ती मुंबईपासून एवढी दूर हवी की शहराची वीज तेथे पोहोचू नये. आणि एवढी जवळ हवी की पृथ्वीचे चुंबकत्व दोन्हीकडे जवळजवळ सारखेच वागावे, म्हणजे जुनी मालिका तेथे पुढे चालविता येईल. सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर अंतरावरचे अलिबाग ह्या दोन्ही अटींत बसले.

इमारती उभारतानाही हीच काळजी घेण्यात आली. कोकणातील आणि घाटावरील घरे ज्या काळ्या दगडाची असतात, त्या दगडातच चुंबकी लोहकण असतात. तो दगड चालणार नव्हता. म्हणून पोरबंदरचा दगड आणला. तो चुंबकत्वापासून मुक्त असल्याची आधी खात्री करून घेण्यात आली. बिजागऱ्या, कड्या, खिळे, सगळे पितळेचे आणि तांब्याचे. नोंद करणाऱ्या यंत्रांसाठी खोलीच्या आत खोली बांधली, म्हणजे बाहेरच्या उन्हाचा आणि रात्रीच्या गारव्याचा परिणाम आत पोचू नये; कारण उष्णता बदलली की चुंबकाचे बळही किंचित बदलते आणि आकडा फसवा निघतो. लोखंडाचा एक खिळाही नसलेली वास्तू बांधावयाची, ही गवंड्यासुताराच्या नेहमीच्या रीतीहून वेगळीच गोष्ट.

परंतु ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा निर्णय दुसराच होता. अलिबागेचे काम १९०४ मध्ये सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद झाले नाही. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले.

ह्याचे मर्म समजण्यासाठी व्यापाऱ्याच्या खतावणीचे उदाहरण घ्यावे. जुनी वही संपली की नव्या वहीच्या पहिल्या ओळीवर 'मागील पानावरून पुढे' असे लिहून शिल्लक ओढतात. ती ओळ चुकली तर पुढचा सगळा हिशेब बिनचूक असूनही खोटा ठरतो. समजा, कुलाब्याची यंत्रे एका दिवशी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी अलिबागेची सुरू केली. आकड्यात फरक पडला. आता हा फरक पृथ्वीच्या चुंबकत्वात पडला की केवळ जागा बदलल्यामुळे पडला? पृथ्वीचे चुंबकत्व वर्षानुवर्षे मंद गतीने बदलत असते, आणि ते बदलणे मोजणे हाच तर ह्या सगळ्या खटाटोपाचा एक मुख्य हेतू. एका जागेचा आकडा आणि दुसऱ्या जागेचा आकडा ह्यांतील कायमचे अंतर किती, हे दोन्हीकडे एकाच क्षणी मोजल्यावाचून कोणत्याही गणिताने काढता येत नाही. एका दिवसाचे मोजणे पुरत नाही. ऋतू बदलले पाहिजेत, शांत दिवस आले पाहिजेत, वादळे आली पाहिजेत. दोन वर्षांच्या दुहेरी नोंदीने ते अंतर बसविले, आणि कुलाब्याची शिल्लक अलिबागेच्या वहीत ओढली गेली.

इकडे शहरात कायद्याची चाके आपल्या गतीने फिरत होती. नवी इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी २७ जून १९०५ रोजी स्थापन झाली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी महानगरपालिकेशी तिचा करार झाला आणि शहराला वीज पुरविण्याचा व ट्राम चालविण्याचा मक्ता तिला मिळाला. पुढे योग्य काळी हा सगळा धंदा विकत घेण्याचा हक्क महानगरपालिकेने त्या करारात राखून ठेवला होता. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली तेव्हा कुलाब्याची चुंबके आपले काम सोपवून मोकळी झाली होती. कुलाब्यास राहिले ते हवामानाचे काम. पावसाचे माप भटक्या प्रवाहाने बिघडत नाही. म्हणून मुंबईच्या पावसाच्या बातमीत कुलाब्याचे नाव आजही ऐकू येते.

मूस ह्यांनी ह्यानंतर जे केले ते हिंदुस्थानातील विज्ञानाच्या इतिहासात अधिक ठळकपणे लिहिले जावयास हवे होते. १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांचे कुलाब्याचे सगळे चुंबकीय आकडे त्यांनी एकत्र केले, तपासले, निरनिराळ्या यंत्रांच्या मापात सुसंगती आणली, आणि १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. पहिल्या भागात यंत्रे आणि आकडे, दुसऱ्यात त्यांचे विवेचन. गणकयंत्रे नसलेल्या त्या काळात कोष्टकांमागून कोष्टके हातांनी बेरीज-वजाबाकी करून तयार झाली. त्यात मूस ह्यांनी चुंबकीय वादळांचा सरासरी स्वभाव शोधला. प्रत्येक वादळ वेगळे असते. परंतु अनेक वादळे त्यांच्या प्रारंभाच्या क्षणापासून एकाखाली एक मांडून सरासरी काढली की त्यांचा एक समान आकार दिसू लागतो: प्रथम आडवे बल एकाएकी थोडे वाढते, मग काही तासांत पुष्कळ घसरते, आणि पुढे काही दिवसांत सावकाश मूळपदावर येते. इंग्लंडमध्ये सिडनी चॅपमन ह्याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चुंबकीय वादळांची जी उपपत्ती मांडावयास घेतली, तिला मूस ह्यांच्या ह्या मांडणीचा आधार मिळाला. विषुववृत्ताजवळच्या आणि ध्रुवाजवळच्या ठिकाणी वादळाचे रूप सारखे नसते. ध्रुवाकडे त्याचा गोंधळ अधिक, तर आपल्या पट्ट्यात त्याचे मूळ स्वरूप अधिक स्वच्छ. मुंबईचे महत्त्व होते ते त्यामुळेच.

१८५९ च्या वहीतील ते पाच-पाच मिनिटांचे आकडे मात्र आणखी पुष्कळ वर्षे तसेच पडून राहिले. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली आणि कुलाबा-अलिबागचा हा वारसा तिच्याकडे आला. २००३ मध्ये त्या संस्थेतील गुरबक्षसिंग लाखिना व एस. ॲलेक्स ह्यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ ह्यांच्यासह ते आकडे पुन्हा तपासून प्रसिद्ध केले. कुलाब्यास त्या दिवशी आडवे बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळले होते. एरवी दिवसाकाठी होणारा चढउतार काही दशकांचा असतो. येथे एकूण आडव्या बलाचा सुमारे चार टक्के भाग काही काळापुरता नाहीसा झाला होता. तासाची सरासरी काढली तर हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि एवढी तीव्र घसरण नेमकी कोणत्या प्रवाहामुळे झाली ह्याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. परंतु वादाला आधार म्हणून पुढे ठेवावयाचे आकडे कुलाब्याच्या वहीतलेच. ह्या शोधाकडे जगाचे लक्ष गेले, कारण मध्यंतरी १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात चुंबकीय वादळाने दीड मिनिटात वीजपुरवठ्याचे सारे जाळे बंद पाडले होते आणि ६० लाख माणसे सुमारे नऊ तास अंधारात राहिली होती. ते वादळ १८५९ च्या मानाने लहान. मोठे वादळ केवढे असू शकते आणि वीजकेंद्रांची रोहित्रे, उपग्रह व तारा ह्यांना ते किती सोसवेल, ह्याचे हिशेब आता जे मांडले जातात, त्यांना वरची मर्यादा पुरविणाऱ्या थोड्या पुराव्यांत कुलाब्याचे ते एक पान आहे. ज्या विजेने कुलाब्याच्या सूचीला हुसकावून लावले, तिच्याच संरक्षणासाठी आता त्या सूचीच्या जुन्या वह्या उघडाव्या लागतात.

ट्रामच्या कंपनीचे पुढे काय झाले, हेही थोडक्यात सांगावयास हवे. १९०५ च्या करारातील हक्क वापरून महानगरपालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे बरोबर बेचाळीस वर्षांनी, तो धंदा विकत घेतला. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील शेवटची ट्राम धावली. म्हणून सूचीला कुलाब्यास परत आणता आले असते असे मात्र नाही. ३ फेब्रुवारी १९२५ पासून बोरीबंदर ते कुर्ला ह्या मार्गावर विजेची आगगाडी सुरू झाली होती आणि तिचाही प्रवाह एकदिशीच होता. शहर एकदा विजेवर चालू लागले की चुंबकसूचीला तेथे थारा नाही.

अलिबागेतील पोरबंदरी दगडाच्या त्या इमारती उभ्या आहेत. वेधांची मालिका तेथे चालू असून, तिथले आकडे जगातील इतर वेधशाळांच्या आकड्यांबरोबर संशोधकांपर्यंत पोचतात. १० व ११ मे २०२४ रोजी गेल्या वीस वर्षांतील सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले आणि लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा ध्रुवप्रकाश दिसला. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबई बंदरावरचा मोठा सागरी पूल खुला झाला होता आणि मुंबईहून अलिबागेस जाणारा रस्ता पुष्कळ आखूड झाला होता. १९०४ मध्ये जागा शोधणाऱ्यांनी जे अंतर जपून निवडले होते, ते शहराच्या बाजूने आता कमी कमी होत आहे.